पेपर कॉम्प्युटरवर तपासतात म्हणजे नक्की काय करतात? मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या गोंधळातून समजून घ्या

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की नेरे लागतं. इथल्या पोरापोरींना डिग्रीसाठी पनवेल गाठावं लागतं आणि पनवेल रायगड जिल्ह्यात असल्यामुळे तिथली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे परीक्षेबद्दलचा निर्णय होतो कलिन्याला आणि त्याचा परिणाम दिसतो नेऱ्याच्या एखाद्या घरात, मोबाईलवर निकालाचं पान पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर.

२०१७ च्या उन्हाळ्यात असंच झालं. विद्यापीठाने ठरवलं, यंदापासून सगळ्या उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून शक्यतो ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६, कलम ८९. पण जुलै आला तरी शेकडो निकाल बाकी. शेवटी कुलपती म्हणून राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची तारीख दिली. तीही गेली. ऑगस्ट गेला. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला.

दरम्यान कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना ९ ऑगस्टला रजेवर पाठवलं गेलं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे मुंबईचा अतिरिक्त कार्यभार आला आणि २४ ऑक्टोबर २०१७ ला देशमुखांना पदावरून दूर करण्यात आलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात, निकालाच्या सॉफ्टवेअरवरून सुरू झालेल्या गोंधळात कुलगुरूंची खुर्ची गेली.

तेव्हा बातम्या आल्या त्या बहुतेक ‘कोण जबाबदार’ यावर. आपण इथे वेगळा प्रश्न घेऊ. अशी वेबसेवा बांधतात कशी? आणि ती बांधण्याआधी कागदावर काय काय काढायला हवं?

आधी एक गैरसमज दूर करू

‘ऑनस्क्रीन मार्किंग’ म्हणजे कॉम्प्युटर पेपर तपासतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. उत्तर वाचतो माणूसच. प्रक्रिया साधारण अशी असते: उत्तरपत्रिका परीक्षा केंद्रावरून गोळा होतात, शिलाई कापून पानं सुटी करतात, स्कॅन करतात. पहिल्या पानावर बारकोड असतो, त्यामुळे परीक्षकाला नाव किंवा सीट नंबर दिसत नाही. परीक्षक कॅप सेंटरला जाऊन लॉगिन करतो, स्क्रीनवर पानं उलटतो, प्रत्येक प्रश्नाला गुण देतो. बेरीज सॉफ्टवेअर करतं. एखादा प्रश्न तपासायचा राहिला तर पुढे जाऊ देत नाही.

कल्पना म्हणून यात वाईट काहीच नाही. हाताने तपासलेल्या पेपरात बेरजेची चूक, न तपासलेलं पान, कव्हरवर चुकीचे उतरवलेले गुण हे सगळं आपल्या आईवडिलांच्या पिढीनेही भोगलंय. शिवाय ही पद्धत मुंबईला अगदी नवी नव्हती, इंजिनिअरिंगच्या परीक्षांसाठी ती आधीपासून वापरात होती. नवा होता तो आकडा.

१७ लाख म्हणजे किती?

हे गणित तुम्हीही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. यातले काही आकडे मी सोयीसाठी धरलेत.

१७ लाख उत्तरपत्रिका ४५ दिवसांत तपासायच्या तर रोज सुमारे ३७,८०० झाल्या पाहिजेत. एक परीक्षक दिवसाला ३० तपासतो असं धरलं तर रोज १,२६० परीक्षक हवेत, रविवार न धरता, एकही सुट्टी न घेता.

आता स्कॅनिंग. एका उत्तरपत्रिकेची ४० पानं धरा. १७ लाख गुणिले ४०, म्हणजे ६ कोटी ८० लाख पानं. चांगला स्कॅनर मिनिटाला १२० पानं ओढतो असं समजा आणि तो रोज १० तास न अडकता चालतो असंही समजा. (कुठल्याही झेरॉक्सवाल्याला विचारा, तो हसेल.) तरी एका स्कॅनरला ९४४ दिवस लागतील. महिनाभरात उरकायचं असेल तर असे ३२ स्कॅनर, ते चालवणारी माणसं, पानं सुटी करणारी माणसं आणि गठ्ठे ठेवायला जागा हवी.

साठवणुकीचं गणित मात्र फार घाबरवणारं नाही. एक पान १०० केबी धरलं तर सगळं मिळून ६.८ टीबी होतं. दोन-तीन मोठ्या हार्ड डिस्कमध्ये मावेल इतकं. म्हणजे अडचण ‘सर्व्हरची ताकद’ या एका शब्दात संपत नाही. ती कागद, माणूस आणि वेळ यांच्या रांगेत आहे. सॉफ्टवेअर लिहायला बसण्याआधी हे गणित कुणीतरी मांडावं लागतं. आणि २०१७ मध्ये परीक्षांचा हंगाम सुरू झाल्यावर बंगळुरूच्या मेरिटट्रॅक कंपनीला काम मिळालं, म्हणजे मांडायला आणि करून बघायला वेळच उरला नव्हता.

मग सॉफ्टवेअर मॉडेलिंग म्हणजे काय?

नेऱ्यातल्या माणसाला ‘नकाशा पास करणे’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. विमानतळाच्या आसपासचा हा पट्टा २०१३ पासून ‘नैना’ म्हणून ओळखला जातो आणि बांधकामाची परवानगी सिडकोकडून घ्यावी लागते. भिंत उभी राहण्याआधी ती कागदावर उभी करायची, कारण कागदावरची भिंत खोडरबरने हलवता येते.

सॉफ्टवेअरचंही तसंच. १९९० च्या दशकात ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इवार जेकबसन या तिघांनी आपापल्या चित्रं काढायच्या पद्धती एकत्र केल्या. त्यातून यूएमएल म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज तयार झाली आणि १९९७ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. नावात लँग्वेज असलं तरी ही चौकोन, बाण आणि काडीच्या माणसांची भाषा आहे. यूएमएलमध्ये चित्रांचे बरेच प्रकार आहेत. आपलं काम चारांत भागेल, आणि खरं सांगायचं तर त्यातली दोनच फार महत्त्वाची आहेत.

पहिलं चित्र: कोण काय करणार?

याला यूज केस म्हणतात. काडीची माणसं काढायची आणि प्रत्येकासमोर त्याचं काम लिहायचं. आपल्या सेवेत विद्यार्थी, केंद्रप्रमुख, स्कॅनिंग करणारा, परीक्षक, मॉडरेटर आणि परीक्षा विभागाचा संचालक आले.

सोपं वाटतं, पण इथेच एक गोष्ट हमखास सुटते. विद्यार्थ्यासमोर आपण ‘निकाल बघणे’ एवढंच लिहितो. पण तो फोटोकॉपी मागणार, पुनर्मूल्यांकन मागणार, ‘माझा निकाल राखीव का?’ असं विचारणार. परीक्षकासमोर ‘गुण देणे’ लिहिलं, तर ‘हे पान पुसट आहे, पुन्हा स्कॅन करा’ आणि ‘हा माझ्या विषयाचा पेपरच नाही’ ही दोन बटणं कोण लिहिणार? त्या उन्हाळ्यात पुसट पानं, सुटलेली पानं आणि भलत्याच विषयाच्या उत्तरपत्रिका स्क्रीनवर येणं या प्राध्यापकांच्या नेहमीच्या तक्रारी होत्या. शिवाय या विद्यापीठाची हद्द मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत जाते. परीक्षक म्हणजे फक्त एक लॉगिन आयडी नव्हे. तो पन्नाशीचा, चष्मा लावणारा, दिवसभर स्क्रीनवर अक्षर लावत बसणारा माणूसही आहे.

दुसरं चित्र: कुणाचं कुणाशी नातं?

हा क्लास डायग्राम. वस्तूंची नावं चौकोनात लिहायची, मध्ये रेघ ओढायची आणि रेघेच्या टोकांना आकडे लिहायचे. एक विद्यार्थी, अनेक पेपर. एक पेपर, एक उत्तरपत्रिका. एक उत्तरपत्रिका, एक बारकोड.

झालं? नाही. पुरवणी राहिली!

परीक्षेत ‘सर, सप्लिमेंट’ म्हणून हात वर करणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. म्हणजे एका उत्तरपत्रिकेला शून्य, एक किंवा कितीही पुरवण्या असू शकतात. यूएमएलमध्ये हे एक शून्य, दोन टिंबं आणि एका चांदणीने लिहितात, पण त्या चांदणीचे परिणाम बघा. पुरवणीवर स्वतःचा बारकोड हवा. तो मुख्य उत्तरपत्रिकेच्या बारकोडशी वर्गातच जोडला गेला पाहिजे, दोरा बांधून नव्हे, नोंद करून. कारण स्कॅनिंगला शिलाई आणि दोरा दोन्ही कापले जातात. नातं फक्त दोऱ्यात असेल तर कात्री लागताच ते संपतं.

आता पुढे काय झालं ते वाचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये विद्यापीठाने परिपत्रक काढलं की यापुढे पुरवणी मिळणार नाही, आहे त्या पानांत लिहा. एका विधी शाखेच्या विद्यार्थिनीने त्याला मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं आणि ते परिपत्रक कोर्टात टिकलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका भाग आहे. सॉफ्टवेअरला पुरवणी झेपत नाही म्हणून विद्यार्थ्याने कमी लिहायचं, असा उलटा प्रवास झाला. चित्रातली एक चांदणी टाळण्यासाठी परीक्षेचा नियम बदलायला निघाले होते.

तिसरं चित्र: उत्तरपत्रिका आत्ता कुठे आहे?

हे माझं आवडतं. याला स्टेट डायग्राम म्हणतात, आपण ‘अवस्थांचं चित्र’ म्हणू. एका वस्तूच्या जन्मापासून शेवटपर्यंत तिच्या कोणत्या अवस्था होतात आणि एकीतून दुसरीत ती कशामुळे जाते, एवढंच यात काढायचं.

समजा नेऱ्याच्या त्या मुलीने बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर पनवेलमध्ये दिला. तिच्या उत्तरपत्रिकेच्या अवस्था अशा: केंद्रावर जमा, कॅप सेंटरला पोहोचली, स्कॅन झाली, परीक्षकाला दिली, तपासून झाली, मॉडरेशन झालं, गुण पक्के, निकालात आली. प्रत्येक बाणावर लिहायचं की हे कोण करतो आणि त्याची वेळ कुठे नोंदली जाते.

सरळ रस्ता कुणीही काढेल. खरी परीक्षा आडवाटांची. स्कॅन झाली पण बारकोड वाचता आला नाही, तर? बाण कुठे जातो? परीक्षकाने उघडली, १२ पानं तपासली आणि लाइट गेली. आता ती ‘दिलेली’ की ‘तपासलेली’? दुसऱ्या विषयाच्या गठ्ठ्यात गेली तर परत कशी येणार? चित्रात बाण नसेल तर प्रत्यक्षात ती उत्तरपत्रिका कुठल्यातरी टेबलावर पडून राहते आणि तिथे तिचा कुणी वाली नसतो.

या चित्रावरून एक साधा नियम लिहिता येतो: हजेरीपटावर जितके विद्यार्थी हजर, तितक्याच उत्तरपत्रिका सगळ्या अवस्था मिळून असल्या पाहिजेत. पनवेलच्या एका वर्गात ६० जण बसले असतील तर ‘तपासल्या ४१, परीक्षकाकडे ११, स्कॅनिंगला ७, अडकली १’ अशी बेरीज रोज रात्री ६० यायलाच हवी. ५९ आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी शोध सुरू. तीन महिन्यांनी शोधायला गेलं की गठ्ठे हललेले असतात, माणसं बदललेली असतात. त्या वर्षी शेवटी काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत आणि अशा विद्यार्थ्यांना सरासरीने गुण देण्याची वेळ आली.

आणि ‘राखीव’? निकालात राखीव लिहिलं की विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्यातून काहीच कळत नाही. पेपर हरवला, कॉलेजने अंतर्गत गुण पाठवले नाहीत, आधीच्या सेमिस्टरचा विषय बाकी आहे, की नुसता स्कॅनिंगचा घोळ? चांगल्या मॉडेलमध्ये राखीव ही एक अवस्था नसते. तिच्या पोटात चार-पाच अवस्था असतात आणि प्रत्येकीला दोन गोष्टी चिकटवलेल्या असतात: हे कुणाकडे अडकलंय आणि किती दिवसांत सुटलं पाहिजे. पार्सल कुठवर आलं हे आपल्याला मोबाईलवर कळतं. तीन वर्षं ज्यासाठी दिली ती उत्तरपत्रिका कुठे आहे, हे कळणं त्याहून अवघड नाही.

चौथं चित्र आणि ‘वेबसेवा’ म्हणजे काय

सेतू केंद्रात वेगवेगळ्या खिडक्या असतात. उत्पन्नाच्या दाखल्याची वेगळी, जातीच्या दाखल्याची वेगळी. प्रत्येक खिडकीवर ठरलेला अर्ज द्यायचा, ठरलेलं उत्तर घ्यायचं. आत फाईल कुठल्या कपाटात आहे याच्याशी तुमचा संबंध नाही. वेबसेवा म्हणजे अशीच खिडकी, फक्त अर्ज करणारं आणि उत्तर देणारं दोन्ही सॉफ्टवेअर असतं.

आपल्या कामासाठी अशा चार-पाच खिडक्या पुरतात: विद्यार्थी आणि सीट नंबरची, स्कॅन केलेल्या पानांची, परीक्षकाला वाटप करणारी, गुणांची आणि निकालाची. वेगळ्या का? कारण त्यांच्यावरची गर्दी वेगवेगळ्या दिवशी होते. पानांच्या सेवेवर भार असतो तपासणीच्या महिन्यात. निकालाच्या सेवेवर भार असतो एका दुपारी, जेव्हा सगळे एकदम येतात. दहावी-बारावीचे निकाल म्हणूनच एका संकेतस्थळाऐवजी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर एकाच वेळी येतात. सगळं एकाच ठिकाणी बांधलं तर निकाल बघणाऱ्यांच्या गर्दीत तपासणारे परीक्षकही अडकतात.

चौथं चित्र, सीक्वेन्स डायग्राम, या खिडक्यांमधलं बोलणं क्रमाने लिहितं. परीक्षकाने ‘सबमिट’ दाबलं, गुणांच्या सेवेला निरोप गेला, सेवेने गुण लिहिले, पोचपावती परत पाठवली आणि पोचपावती वाटेत हरवली. आता परीक्षकाच्या स्क्रीनवर चक्र फिरतंय. तो काय करणार? पुन्हा सबमिट दाबणार.

यूपीआयने पैसे देताना ‘पैसे कटले पण दुकानदाराला दिसत नाहीत’ असं झालंय ना कधी? तोच प्रकार. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक मागणीला एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सेवा नवे गुण लिहीत नाही, जुनीच पावती पुन्हा देते. दहा वेळा दाबा, गुण एकदाच.

आणखी एक छोटी गोष्ट. निकालाच्या खिडकीवर सीट नंबर टाकला आणि निकाल नाही, तर उत्तर काय द्यायचं? ‘सापडला नाही’ आणि ‘अजून तयार नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिलं वाचून माणूस कलिन्याची लोकल पकडतो, दुसरं वाचून घरी थांबतो. ४०४ चा एकच एरर सगळ्यांना दाखवणं प्रोग्रामरला सोपं जातं, पण त्याची किंमत नेरे ते कलिना जाऊन येण्याच्या खर्चात मोजावी लागते.

आणि कॉम्प्युटर स्वतःच गुण देतो तेव्हा?

इथे खरं स्वयंचलित मूल्यमापन सुरू होतं, आणि ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. बहुपर्यायी प्रश्न असतील तर कॉम्प्युटरला काही समजावं लागत नाही, गोल जुळला की गुण. एमएस-सीआयटीची ऑनलाइन परीक्षा महाराष्ट्रात लाखो लोकांनी दिली आहे, कित्येकांनी नोकरीत बढती हवी म्हणून चाळिशीत दिली. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. ती अनेक सत्रांत होत असल्यामुळे गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. तुमच्या सत्रात २०,००० जण बसले आणि १९,००० जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण असतील तर तुमचे पर्सेंटाइल ९५. ‘मला १३० मार्क पडूनही मित्रापेक्षा पर्सेंटाइल कमी कसे?’ या दरवर्षीच्या भांडणाचं मूळ इथे आहे: दोघांची सत्रं वेगळी होती.

पण उत्तर लिहायचं असेल तर? प्रोग्रामिंगमध्ये हे फार आधी सुरू झालं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंचकार्डांवर लिहिलेले विद्यार्थ्यांचे प्रोग्राम आपोआप तपासायला सुरुवात केली होती.

आपल्याकडचं सुंदर उदाहरण पवईचं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एक्सडेटा’ नावाची प्रणाली बनवली. ती विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, तपासते. तिथल्या डेटाबेसच्या कोर्समध्ये ती वापरली गेली.

अडचण काय होती ते बघा. शिक्षकाने विचारलं, ‘सगळ्या विद्यार्थ्यांची यादी द्या, गुण असतील तर गुणांसकट.’ एका मुलाने बरोबर क्वेरी लिहिली. दुसऱ्याने अशी लिहिली की ज्यांचे गुण नोंदलेले नाहीत ते विद्यार्थी यादीतून गळूनच पडतात. नमुन्याच्या डेटात सगळ्यांचे गुण भरलेले असतील तर दोन्ही उत्तरं एकसारखी दिसतात आणि चुकलेल्यालाही पूर्ण गुण मिळतात. एक्सडेटा बरोबर क्वेरीत होऊ शकणाऱ्या छोट्या छोट्या चुका आधी मनात धरते आणि प्रत्येक चूक उघडी पडेल असा डेटा स्वतः तयार करते. इथे ती गुण नसलेला एक विद्यार्थी मुद्दाम घालेल. मग दोन उत्तरं वेगळी पडतात आणि चूक सापडते.

गंमत अशी की, ‘गुण नसलेला विद्यार्थी यादीतून गळतो’ ही चूक परीक्षेतली राहत नाही. निकालाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानेही तीच केली तर तो मुलगा ना पास, ना नापास, ना राखीव. तो यादीतच नसतो.

मॉडेल चुकलं की काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र इंग्लंडचं. २०२० मध्ये कोविडमुळे तिथे ए-लेव्हलची परीक्षा, म्हणजे साधारण आपली बारावी, रद्द झाली. ऑफक्वाल या नियामक संस्थेने एका सूत्राने गुण ठरवले आणि त्यात शाळेचे आधीच्या वर्षांचे निकालही धरले. १३ ऑगस्टला निकाल आला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. ज्या शाळांचे जुने निकाल साधारण होते तिथल्या हुशार मुलांना त्याचा फटका बसला. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली. सॉफ्टवेअर बंद पडलं नव्हतं, त्याने सांगितलेलं काम बिनचूक केलं. चूक होती ती ‘विद्यार्थी’ या चौकोनात काय धरायचं या निर्णयात.

पेपर तपासल्यानंतरची गोष्ट

मॉडेल बनवणारे बहुतेकदा ‘निकालात आली’ या अवस्थेवर थांबतात. कायदा थांबत नाही. ९ ऑगस्ट २०११ ला सुप्रीम कोर्टाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात येणारी ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती बघता आली पाहिजे. त्याच निकालात परीक्षकाची ओळख मात्र उघड करू नये असंही आहे.

या दोन वाक्यांचा डिझाइनवर थेट परिणाम होतो. एक, स्कॅन केलेलं पान आणि त्यावरचे गुण दोन्ही जपून ठेवावे लागतात, नुसती बेरीज पुरत नाही. दोन, कुणी तपासलं याची नोंद आत हवी, पण विद्यार्थ्याला दिलेल्या प्रतीत ती दिसता कामा नये. तीन, पुनर्मूल्यांकनात गुण बदलले तर जुने खोडायचे नाहीत. दोन्ही ठेवायचे, तारखेसकट. दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण दिसू द्यायचे की नाही, हेही आधी ठरवावं लागतं, नाहीतर दुसरी तपासणी पहिलीची झेरॉक्स होते. २०१७ च्या निकालांनंतर पुनर्मूल्यांकनाचे अर्ज हजारोंनी आले आणि तेही निकाल रखडले, कारण तोच रस्ता, तीच माणसं आणि समोर पुढच्या सेमिस्टरच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

त्या उन्हाळ्यात काही दिवस कॉलेजांतले तास बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं गेलं, नागपूरसारख्या दुसऱ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचीही मदत घेतली गेली. ऑनस्क्रीन मार्किंग बंद मात्र झालं नाही. मुंबई विद्यापीठात नंतरही उत्तरपत्रिका स्क्रीनवरच तपासल्या जात राहिल्या.

तुमच्या निकालात कधी ‘राखीव’ आलं तर आधी कॉलेजच्या ऑफिसात दोन गोष्टी लेखी विचारा: कोणत्या विषयामुळे राखीव आहे आणि तुमची उत्तरपत्रिका कॅप सेंटरला पोहोचल्याची नोंद आहे का. सीट नंबर, पीआरएन आणि हॉल तिकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुरवणी घेतली असेल तर तिचा नंबर आणि एकूण किती घेतल्या हे पेपर संपल्यावर प्रश्नपत्रिकेच्या मागे लिहून ठेवा. फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत निकाल लागल्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे ती तारीख त्याच दिवशी बघून घ्या.